अंगावरून उतरवलेलं झबलं

परवा नातसुनेसोबत पणतवाला कपडे घ्यायला गेले होते. दुकानदारानं पुढ्यात ढीग टाकला आणि मी सवयीप्रमाणे एकेक कपडा उचलून गालाला लावत बसले. नातसून त्याला कौतुकानं सांगू लागली, "आजींना कापडाची भारी पारख आहे, मऊ की खरबरीत ते त्यांना गालावर कळतं." दुकानदारानंही मान डोलावली. कापड मऊ आहे का, ते बोटांना कळतं. त्याला गाल कशाला लागतो? मी पाहत होते ते कपडा ऊन तर नाही ना. खोक्यातून काढलेल्या कोऱ्या कपड्याला कुठली आली ऊब, एवढी अक्कल मलाही आहे. पण साठ वर्षं झाली, हात ऐकत नाही.

तेव्हा आम्ही घाटंजीला राहत होतो. विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेल्याला दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या गल्लीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. माझा नवरा कापसाच्या जिनात कामाला होता. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग बाजारापर्यंत लागायची, गावभर सरकीचा वास, आणि संध्याकाळी हे घरी आले की भुवयांवर, कानांत कापूस. पण त्याच कापसाचं कापड होऊन दुकानात आलं की ते आमच्या हाताबाहेर. त्यामुळे लेकराचे कपडे म्हणजे जुन्यातून काढायचे. जुनं धोतर सगळ्यात चांगलं, दहा वर्षं धुऊन धुऊन ते सायीसारखं होतं. त्याची दुपटी आणि लंगोट. लुगड्याच्या काठाजवळचा भाग डोक्यावरच्या कुंचीला, कारण तो लवकर विरत नाही. गुंडी लावायची नाही, लेकरू तोंडात घालतं, बंद शिवायचे. आणि झबलं चांगलं वीतभर मोठं बेतायचं, म्हणजे वर्ष निघतं. हे सगळं मला एकोणिसाव्या वर्षीच पाठ होतं आणि त्याचा मला तोराही होता.

पहिल्या खेपेला मी शहाणपण केलं. सातव्या महिन्यातच बाजारातून छिटाचं नवं कापड आणलं, गुलाबी बुट्ट्यांचं, आणि अवघडलेल्या पोटानं बसून दोन झबली शिवली. सासू म्हणाली, "लेकरू व्हाच्या आंधी कपडे शिवू नोको वं, चांगलं नसते." मी ऐकलं नाही. मुलगी झाली, आणि सव्वा महिना पुरा व्हायच्या आत तापानं गेली. चार दिवस ताप होता, बस. सासू काही वाईट बाई नव्हती. "मी म्हनत होती ना" असं तिनं एकदाही म्हटलं नाही. ती दोन्ही झबली तिनं कुठं नेली ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

त्यानंतर मी भित्री झाले. आधी मी कोणाच्या बापाला भीत नव्हते, नळावर भांडायला पहिली. आता कोणी साधं "ताप" म्हटलं तरी मी तिथून उठून जायचे. दुधानं पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

दोन वर्षांनी मुलगा झाला. आमच्याकडे रीत अशी, की गेलेल्या लेकराच्या पाठीवर जे येतं त्याच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. सव्वा महिना नुसत्या जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. मग आईनं पदर पसरून पाच घरून कपडा मागून आणायचा. म्हणजे हे लेकरू भिकेवर वाढून राह्यलं, याच्यात काही घेण्यासारखं नाही, असं वरच्याला वाटावं आणि त्यानं नजर फिरवावी. घर मात्र कुठलंही चालत नाही. ज्या घरची सगळी लेकरं जगली तेच घर. आणि मागून आणलेलं धुवायचं नाही, मिळालं तसं अंगात घालायचं. धुतलं की त्या घरचं नशीब पाण्यासोबत वाहून जातं.

या वेळी मी सासूचं अक्षर न् अक्षर ऐकायचं ठरवलं होतं. मुलगा महिन्याचाही नव्हता तेव्हा गल्लीत देवीची लस टोचणारा आला. टोचल्यावर ताप येतो हे मला माहीत होतं. मी लेकराला घेऊन धान्याच्या कणगीमागे जाऊन बसले, आणि सासूनं दारातूनच त्याला सांगितलं, "लेकरू मायच्या माहेरी हाय." तो गेला. आपण लय हुशारी केली असं दोघींना वाटलं.

सव्वा महिना झाला त्या दिवशी मी निघाले. सगळी लेकरं जगलेली पाच घरं शोधणं त्या काळी सोपं नव्हतं. घाटंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून चार घरी चार तुकडे मिळाले. ते घेऊन मी बाजाराच्या कडेला बसणाऱ्या शिंपीचाचांकडे गेले. त्यांच्या तोंडावर देवीचे खोल वण होते आणि एक डोळा पांढरा पडलेला. एका डोळ्यानं सुईत दोरा ओवायचे, तोही पहिल्या फटक्यात. तुकडे उलटेपालटे करून ते म्हणाले, "बेटी, पहले गरम पानी में उबाल के ला. फिर कुंची सिऊंगा."

"धुवायचं नसते चाचा," मी म्हटलं. "रीत हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनवर पाय हलवायला सुरुवात केली.

कुंची घेऊन परतले ती सरळ पाचव्या घरी. ते आमच्या समोरचंच. तिथल्या बाईला सगळी गल्ली मोठीबाई म्हणायची. तिची चार लेकरं, चारही जिवंत, धडधाकट. ती ओट्यावर धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. दहा-अकरा महिन्यांचा गुटगुटीत मुलगा, एरवी हाती लागायचा नाही. मी पदर पसरला तशी ती हसली. "पाचवं घर माह्यं? लय मान देल्ला पोरी तुनं मले."

आत जाऊन तिनं पेटी धुंडाळली. सगळे कपडे धुऊन ठेवलेले. परत आली, जराशी थांबली, आणि मग मांडीवरच्या लेकराच्या झबल्याचे बंद सोडले. "हेच घे. आंगावरचं हाय, याच्यापेक्षा चांगलं कोन्तं?"

मलमलीचं झबलं होतं ते. पांढरं, आतून शिवणी दाबलेल्या, बंदांना गाठी मारलेल्या. तिच्या भावानं कुठूनसं आणलेलं. इतकं चांगलं कापड माझ्या लेकरासाठी माझ्या हातात कधी आलं नव्हतं. चांगलं मोठं, वर्षभर पुरलं असतं. उघडं लेकरू कुरकुरलं आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकून पडून राहिलं. मी कौतुकानं झबलं गालाला लावलं.

ऊन होतं ते. अंगाची ऊब असते तेवढं नव्हे, भाकर तव्यावरून काढून फडक्यात ठेवावी तसं ऊन. ती ऊब मला ओळखीची होती. माझ्या मुलीला चार दिवस मांडीवर घेऊन मी बसले होते, मला नाही ओळखू येणार तर कोणाला? "मोठीबाई, पोराचं आंग पाहा," एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण म्हटलं असतं तर तिनं झबलं परत घेतलं असतं, आणि सहावं घर मी आणणार कुठून? आणि खरं सांगायचं तर ती मलमल सोडवत नव्हती. उन्हात खेळलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. माघाचं ऊन ते, त्यानं काय तापतं. घरी आले आणि न धुता, तसंच ऊन ऊन, ते माझ्या लेकराच्या अंगात घातलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी दाराशी बसले होते. समोरच्या घरातून धूर येत होता पण फोडणीचा वास येत नव्हता. मोठीबाईच्या हातची लसणाची फोडणी गल्लीच्या टोकापर्यंत कळायची. ज्या घरी देवी निघतात तिथं फोडणी देत नाहीत, तेल तापवत नाहीत, हे कोणालाही माहीत असतं. सासूकडे पाहिलं तर तीही चूल सोडून तिकडेच पाहत होती. सकाळी उठले तेव्हा समोरच्या चौकटीला कडुनिंबाचा डहाळा खोचलेला होता.

मी धावत आत गेले आणि लेकराच्या अंगातलं झबलं ओढून काढलं. घाईत एक बंद तुटून त्याच्या गळ्यापाशी राहिला.

"काढू नोको," सासू म्हणाली. "देवीमाय पाहून राह्यली. तिच्या घरचं वस्त्र फेकशील तं कोपन ते."

"कोपू द्या."

"असं बोलू नोको वं बाई. हात जोड, माफी माग."

मी हात जोडले नाहीत. चिमट्यानं ते झबलं उचललं आणि न्हाणीतल्या चुलीत घातलं. मलमल जळायला वेळ लागत नाही. एक जाळ झाला आणि संपलं. गळ्यापाशी राहिलेला बंद आठवला तसा तोही नेऊन टाकला. मग लेकराला पालथं केलं, उताणं केलं, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, कानामागं पाहिलं. काही नव्हतं. आपल्याच हातानं आपल्या लेकराला मरण नेसवलं, एवढी एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. पहिल्या वेळी ऐकलं नाही म्हणून, आणि या वेळी ऐकलं म्हणून.

त्याला फडक्यात गुंडाळून मी तशीच चाचांकडे गेले. काहून त्यांच्याचकडे, ते सांगता येणार नाही. त्यांच्या तोंडावरचे वण आठवले असतील. मी दुकानाच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे ऊन होतं ते सोडून.

चाचांनी मशीन थांबवलं. "टीका लगाया है?"

"नाही. टोचणारा आलता तं लपवलं मी. ताप येते म्हणून."

त्यांनी स्वतःच्या पांढऱ्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "मेरी अम्माने भी छुपाया था. कोठी में बिठाया, ऊपर से सूप ढांक दिया. बुखार के डर से." मग विचारलं, "कपडा पहनाया कब?"

"तीन दिस झाले."

"तो अब्बी टाइम है. आज बाजार है, वो टोचनेवाला दवाखाने में बैठता. जा. बैठी कायको?"

पण मला उठवेना. टोचलं तर ताप येणार, आणि तापानं एक गेलेलंच होतं. न टोचलं तर तेरा-चौदा दिवसांत काय व्हायचं ते होणार. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. चाचांनीच कोणाकडून तरी जिनात निरोप धाडला. हे आले ते अंगावर कापूस तसाच घेऊन. माझं ऐकून घेतलं आणि लेकराला माझ्या मांडीवरून उचललं. हे कमी बोलणारे, रागावतील असं वाटलं होतं. एवढंच म्हणाले, "पयल्या वक्ती म्या काहीच केलं नाही. चाल."

दवाखान्यात टोचणाऱ्यानं दंडावर औषधाचा थेंब ठेवला आणि दातेरी चकती दाबून फिरवली. लेकरू असं किंचाळलं की बाहेर बाजारातली माणसं वळून पाहू लागली. यांनी त्याचा हात धरून ठेवला होता. टोचणारा मला म्हणाला, "मागं तुमच्याच घरी गेलतो ना मी? लेकरू माहेरी हाय म्हणून सांगतलं." मी खाली पाहिलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ज्याचं जळते त्याले कळते. दिवसातून दहा वेळा लेकराला उघडं करून पाहायचं. त्याच्या पोटावर एकदा लाल ठिपका दिसला आणि मी सासूला हाक मारली. सासूनं वाकून पाहिलं, बोटानं दाबला. "ढेकून चावला वं," ती म्हणाली आणि तिथंच बसून रडायला लागली. तेव्हा मला कळलं की ती माझ्याइतकीच भिऊन होती. त्याच दुपारी तिनं आणि मी खाट उन्हात काढून तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं.

सातव्या दिवशी दंडावर फोड आला आणि ताप चढला. हा टोचल्याचा ताप की देवीचा, हे सांगणारं कोणी नव्हतं. टोचल्याचा, असं टोचणारा म्हणाला होता. पण ताप काही नाव सांगून येत नाही. मी लेकराला मांडीवर घेतलं आणि गाल त्याच्या कपाळाला लावून बसले. पुन्हा तीच भाकरीची ऊब. घरात आम्हीही फोडणी बंद केली होती, कोणी न सांगता. पहिली चौथ्या दिवशी गेली होती, म्हणून मी चौथ्या दिवसाची वाट पाहत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घराचं दार उघडलं. मोठीबाईचा नवरा बाहेर आला. त्याच्या हातांवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं लहानसं काही होतं. मागून दोन माणसं, बस. गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. मी फटीतून पाहिलं आणि दाराची कडी लावली. आतून मोठीबाईचा आवाज आला नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं ते सांगते: आधी वाटली ती भीती, की आता आपली पाळी. आणि तिच्या मागोमाग, एक गेलं म्हणजे देवीचं पोट भरलं असेल, असाही विचार येऊन गेला. तो विचार मी अजून कोणाला सांगितला नव्हता.

त्याच दिवशी दुपारी माझ्या लेकराला घाम आला. ताप उतरला. संध्याकाळी त्यानं दूध ओढलं, आणि मी ते ओढणं मोजत बसले.

पंधरा दिवसांत दंडावरची खपली पडली. समोरच्या चौकटीवरचा निंब काढला गेला, घर सारवलं, त्या लेकराचे होते नव्हते ते सगळे कपडे जाळले. तशीच रीत आणि दवाखान्याचंही तसंच सांगणं. मी तिकडे गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत महिना काढला.

मग एका दुपारी मोठीबाईच आली. दारात उभी राहिली, उंबरा ओलांडला नाही. खंगून गेली होती. माझं लेकरू मागून आणलेल्या चार तुकड्यांची कुंची घालून माझ्या कडेवर होतं. ती कुंची मात्र मी आता उकळून घेतली होती.

"त्याचं काहीच नाही राह्यलं घरात," ती म्हणाली. "चिंधीबी नाही. मंग याद आलं, एक झबलं तुह्याकडं हाय. वापस नाही मागत पोरी. नुसतं पाहू दे. हातात घेऊ दे जरासं."

"जाळलं मी ते," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. रागावली नाही. "मीबी तेच केलं असतं," म्हणाली. बराच वेळ ती माझ्या लेकराच्या दंडावरच्या वणाकडे पाहत राहिली. तिनं त्याला घ्यायला हात पुढे केले नाहीत आणि मीही लेकरू पुढे केलं नाही.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुले एक सांगाचं होतं. म्या झबलं काढलं तवा त्याचं आंग ऊन होतं. मले समजलं होतं. पडसं असन म्हटलं. तू पाचव्या घरी आलती, नाही कशी म्हनू? तुह्या लेकराले काही झालं असतं तं म्या कुठं तोंड दाखवलं असतं? माफ कर मले."

मलाही समजलं होतं, हे मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. तिचा अर्धा भार उतरला असता. पण ते बोलले असते तर ती विचारणार होती, मंग काहून नाही बोलली वं त्याच दिवशी, माह्या पोराले घेऊन दवाखान्यात धावली असती ना मी. त्या प्रश्नाला मी जेवढी भ्याले तेवढी देवीलाही भ्याले नव्हते.

"असू द्या, मोठीबाई," मी म्हणाले. "माफ केलं."

तिनं पदरानं डोळे पुसले, मला हात जोडले आणि समोर आपल्या घरी निघून गेली.